भूक मेली

आमच्या घरी साखर रंगांत मोजली जायची. आजोबांना मधुमेह होता. ते सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवायचे, काचेच्या परीक्षानळीत ५ मिलिलिटर निळंशार बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, त्यात ड्रॉपरनं लघवीचे मोजून ८ थेंब टाकायचे आणि नळी चिमट्यात तिरकी धरून उकळायचे. मला दोन हात लांब उभं राहायची ताकीद होती. पण रंग ओळखून सांगायचं काम माझं, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. निळा राहिला तर उत्तम. हिरवा म्हणजे चालेल. पिवळा आला की आजोबा गप्प व्हायचे. नारिंगी आणि त्याच्याही पुढे विटकरी झाला, की ते नळी माझ्यासमोरून काढून घ्यायचे, जणू काही ते लहान मुलांनी बघायचं नसतं.

एकदा विटकरी आला असताना मी "पिवळा" असं सांगून टाकलं होतं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला, नळी खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि मला एका शब्दानंही न रागावता वहीत "विटकरी" लिहिलं.

त्या विटकरी दिवसांत त्यांना भयंकर भूक लागायची. जेवून हात धुऊन दोन तास होतात न होतात तोच ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अहो, आत्ताच तर जेवलात," आजी म्हणायची. त्यावर ते ओशाळं हसायचे आणि पाणी पिऊन परत जायचे. लघवीतून वाहून जाईल इतकी साखर अंगात आणि तरी माणूस उपाशी, हे कोडं मला तेव्हा पडलं. ते सुटलं असं अजूनही म्हणवत नाही. पण मध्यंतरी १४ दिवस मी स्वतःच्या दंडावर साखर मोजणारा एक सेन्सर चिकटवून फिरत होते, तेव्हापासून त्याचा पीळ जरा सैल झालाय.

आजोबांच्या नळीतली एक अडचण मला फार उशिरा कळली. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडं ती लघवीत सोडत नाहीत. म्हणजे १०० आणि १७० या दोन्हींना नळी निळीच राहणार. शिवाय लघवी रात्रभर साठलेली, म्हणजे सकाळी दिसणारा रंग ही आदल्या रात्रीची शिळी बातमी. ती वाचून आजोबा आजच्या जेवणाचं ठरवत. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. तसं पाहिलं तर या साखरेचा पहिला शोध मुंग्यांनी लावला. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनी टिपून ठेवलं आणि आजाराच्या नावातच 'मधु' आला. १७७६मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश डॉक्टरनं रुग्णाची लघवी आटवून तळाशी उरलेला पांढरा चुरा चाखला, तो साखरेसारखा लागला. रक्तातला द्रवही गोडसर असतो हेही त्यानंच नोंदवलं. मुंगीचं तोंड, मग माणसाची जीभ, मग बेनेडिक्टचं निळं पाणी आणि आता माझ्या दंडावरची चकती, असं हे घराणं आहे.

सेन्सर मी हौसेनं लावला नव्हता. उपाशीपोटीची साखर ११२ आली होती. मधुमेह म्हणावा इतकी नाही, पण निश्चिंत राहावं इतकी कमीही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "घराण्यात आहे ना? मग १४ दिवस लावून बघा. तुमचं तुम्हालाच कळेल." कोटाच्या बटणाएवढी पांढरी चकती. तिच्या खालून निघालेला केसासारखा तंतू जेमतेम अर्धा सेंटिमीटर कातडीखाली जातो. लावताना टक् असा आवाज होतो, दुखत जवळजवळ नाही. तो रक्तात पोचतच नाही, पेशींच्या मधे जो पाणीदार द्रव असतो त्यात बुडून राहतो. रक्तातली साखर त्या द्रवात झिरपायला पाच-दहा मिनिटं लागतात, त्यामुळे सेन्सरही थोडं मागचंच सांगतो. शिळी बातमी इथेही आहे, पण रात्रीची नव्हे, मघाचची.

या तंतूच्या टोकाशी जे चालतं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) लावलेलं असतं. अस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून ते मिळवता येतं. त्याची खोड अशी, की शेकडो रेणूंच्या गर्दीतून ते नेमकं ग्लुकोज हुडकतं, बाकीच्या शर्करांकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्लुकोजवर त्याची क्रिया झाली की ऑक्सिजन खर्च होतो. लीलँड क्लार्क या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाकडे द्रवातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड आधीपासून होता, त्यानंच तो बनवला होता. १९६२मध्ये चॅम्प लायन्सबरोबर त्यानं कल्पना मांडली, की इलेक्ट्रोडच्या तोंडाशी पातळ पडद्यात हे विकर कोंडून ठेवायचं. ऑक्सिजन जितका घटेल तितकं ग्लुकोज. जिवंत गोष्टीनं ओळखायचं आणि धातूनं मोजायचं, इतकी साधी जोडी. जैवसंवेदक म्हणून जे काही आज आहे त्याचा उगम इथे सापडतो. (याच क्लार्कनं १९६६मध्ये ऑक्सिजन विरघळवलेल्या फ्लोरोकार्बनच्या द्रवात उंदीर बुडवून त्यांना त्या द्रवातूनच श्वास घ्यायला लावलं होतं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं आयुष्य सोपं नसावं.) पुढे टेक्सासमधल्या अ‍ॅडम हेलरनं ऑस्मियम हा धातू गुंफलेला बहुवारिक (पॉलिमर) वापरून विकराला जणू तारच जोडून दिली. इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडपर्यंत जाऊ लागले, मधल्या ऑक्सिजनची गरज उरली नाही. दंडावर राहण्याइतकं ते लहान आणि स्थिर झालं त्यात या तारेचा मोठा वाटा आहे.

आणि हे सगळं कशासाठी, तर एक चमचाभर साखरेसाठी. प्रौढ माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त, त्यात जेवणाआधी विरघळलेलं एकूण ग्लुकोज जेमतेम ५ ग्रॅम. एकटा मेंदूच तासाला साधारण तेवढं संपवतो. म्हणजे चमचा सतत रिकामा होतोय आणि सतत भरला जातोय, आपण झोपलेले असतानाही. कोण भरतं, हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञानं दाखवलं. त्यानं कुत्र्याला नुसत्या मांसावर ठेवलं, साखरेचा कणही दिला नाही. तरीही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर होतीच. यकृत ती साठवतं आणि लागेल तशी सोडतं. साठवणीचा तो पदार्थ, ग्लायकोजेन, त्यानं १८५७मध्ये वेगळा काढला. साखर बाहेरून येते आणि अंगात फिरते, एवढंच तोवर लोक समजत होते.

आता माझे १४ दिवस. पहिले तीन मी फोनला चिकटून होते. जेवलं की रेघ चढायची, उतरायची, सपाट व्हायची. माझा अंदाज भाबडा होता, की साखर कमी झाली की भूक लागत असणार, गाडीतल्या इंधनाचा काटा खाली येतो तशी. म्हणून भूक लागली की आकडा वहीत लिहायला लागले. हिशेब जुळेना. एका सकाळी ८४वर पोटात कावळे ओरडत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच ८४, आणि जेवणाची आठवणही नाही. एकदा तर ११०वर कडकडून भूक. मी आकडा बघत होते, आणि बहुधा चूक तिथेच होती.

भुकेचं एकच ठिकाण शोधण्याची चूक मोठमोठ्यांकडूनही झालेली आहे म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. १९१२मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननचा विद्यार्थी वॉशबर्न याच्या पोटात फुगा सोडून त्यांनी सिद्ध केलं होतं, की भुकेची कळ येते तेव्हा जठर आकुंचन पावत असतं. झालं, भूक पोटात. पण जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. मग १९५०च्या दशकात जाँ मायेरनं ग्लुकोजचा सिद्धान्त मांडला. मेंदू ग्लुकोजवर नजर ठेवतो आणि त्यावरून भूक ठरते. त्यालाही आजोबांसारख्या रुग्णांनी अडवलंच असणार, कारण तिथे साखर उदंड आणि भूकही उदंड. मायेरचं उत्तर असं, की रक्तात किती आहे हे महत्त्वाचं नाही, पेशी ती किती वापरू शकतात हे महत्त्वाचं. इन्सुलिन नसेल किंवा त्याचं कुणी ऐकत नसेल तर कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप. आजोबा दारातच उभे असायचे.

पण निरोगी माणसाच्या ८४चं काय? इथे मला ज्या माणसाचं काम सापडलं त्याच्यामुळेच हा लेख लिहायला बसले. आर्थर कॅम्पफील्ड. फ्रांस्वाझ स्मिथ यांच्याबरोबर १९८०च्या दशकात त्यानं उंदरांवर एक चिकाटीचा प्रयोग केला. तोवर साखर मोजायची म्हणजे मधूनमधून रक्ताचा नमुना घ्यायचा, आणि दोन नमुन्यांच्या मधे काय घडलं ते देवाला ठाऊक. यांनी उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवून रक्त अगदी संथपणे, अखंड यंत्राकडे खेचलं. उंदीर मोकळा, खाणं समोर, हवं तेव्हा खा. संगणक एकीकडे साखर लिहितोय, दुसरीकडे घास. पॅरिसमध्ये लुई-सिल्व्हेस्त्र आणि ल मान्याँ यांना १९८०मध्ये असंच काहीसं दिसलं होतं, यांनी त्याचा पिच्छा पुरवला.

काय दिसलं, तर उंदीर खायला उठण्याच्या सुमारे १२ मिनिटं आधी साखर हळूच घसरायला लागते. फार नाही, सुमारे १२ टक्के. ९० असेल तर ७९च्या आसपास. ७९ म्हणजे कुणीही डॉक्टर घाबरणार नाही असा आकडा. मग ती आपोआप वळते, वर यायला लागते, आणि ती वर येत असताना उंदीर खाण्याकडे जातो. तळाला पोचल्यावर नाही, टंचाई झाल्यावर नाही. जणू त्या छोट्या खळगीचा आकार मेंदूनं ओळखला आणि निरोप दिला.

मग त्यांनी खोडी काढली. घसरण सुरू होताच शिरेतून किंचित ग्लुकोज सोडून खळगी बुजवली. उंदीर खायला गेलाच नाही, जेवण लांबलं. दुसरा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. घसरण सुरू होताच खाणं उचलून नेलं आणि साखर परत जागेवर आल्यावर समोर ठेवलं. उंदराला खाण्यात रस नाही! पुढची खळगी येईपर्यंत तो खात नाही.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. आजी म्हणायची ते हेच की! जेवायला उशीर झाला, पानं मांडेपर्यंत वेळ गेला, की ती पाटावरून म्हणायची, "नको गं आता, माझी भूक मेली." आम्ही हसायचो. भूक काय मरते? उपाशी राहिलं की वाढायला हवी. पण प्रत्येकाला हा अनुभव आहे आणि भाषेनं तो कधीच नोंदवून ठेवलाय. भूक लागते, भूक चाळवते, भूक मारता येते आणि आपल्या आपण मरतेही. इंधनाच्या काट्याला हे जमत नाही. टाकी रिकामी होत असताना काटा मधेच वर जात नाही. मरणारी भूक ही घटना असते, ती येऊन जाते. कॅम्पफील्डच्या कागदावर ती खळगीच्या रूपानं उमटली.

माणसांवरही हे करून पाहिलं गेलं, १९९०च्या दशकात. त्यात एक व्यवस्था फार शहाणपणाची होती. रात्रभर उपाशी असलेल्या माणसांना वेळ कळणार नाही अशा ठिकाणी ठेवलं. घड्याळ नाही, उजेडाचा सुगावा नाही, जेवणाची चाहूल नाही. कारण आपल्यातले बहुतेक जण पोटाला विचारून जेवतच नाहीत, भिंतीकडे बघून जेवतात. तिथेही भूक लागल्याचं सांगणं आणि साखरेची क्षणिक घसरण यांची सांगड दिसली. अलीकडे, २०२१मध्ये, १०७० लोकांच्या दंडांवर असेच सेन्सर लावून झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जेवणानंतर साखर किती उंच चढली यापेक्षा दोन-तीन तासांनी ती मूळ पातळीच्या किती खाली उतरली, यावरून पुढची भूक जास्त चांगली सांगता येत होती. ज्यांची रेघ जास्त बुडायची ते लवकर खायचे आणि दिवसभरात जास्त खायचे. तेच जेवण, तरी प्रत्येकाची बुडी वेगळी.

मी लगेच वहीतले जुने आकडे काढले आणि त्यांच्या आजूबाजूची रेघ पाहिली. सकाळचा कावळे ओरडणारा ८४ उतारावरचा होता. संध्याकाळचा सपाटीवरचा. ११०वाला तर १५०वरून धावत खाली येत होता. अगदी हरखून गेले. खरं सांगायचं तर नंतरच्या तीन-चार नोंदी या नियमात बसल्या नाहीत आणि त्यांच्याकडे मी सोयीस्कर काणाडोळा केला. एका बाईचे १४ दिवस म्हणजे काही संशोधन नव्हे, आणि मला तर घड्याळही दिसत होतं.

नवव्या रात्री माझी खोड मोडली. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन किंचाळला. स्क्रीनवर लाल ५२. मी दचकून उठून बसले, हाताला कंप, कपाळावर घाम, आणि पोटात अशी भूक की बस. स्वयंपाकघरात जाऊन साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि उभ्या उभ्या चार चमचे साखर कोरडी खाल्ली. नवरा डोळे चोळत दारात, "अगं, झालं काय?" त्याला ५२ दाखवायला फोन उचलला तर आकडा ९०च्या पुढे. इतक्या लवकर? बोटाला सुई टोचून पाहिलं, १२१. म्हणजे साखर खाण्याआधीही ती ठीकच असणार.

डॉक्टरांना सांगितलं तर त्या हसल्या. "डाव्या कुशीवर झोपता का?" झोपते. सेन्सर डाव्या दंडावर. अंगाचा भार पडला की तिथल्या कातडीत द्रवाची ये-जा मंदावते, तंतूभोवतीचं ग्लुकोज संपत जातं आणि सेन्सर प्रामाणिकपणे ते कळवतो. दंडाच्या त्या कोपऱ्यात टंचाई होती, बाकी अंगात नव्हती. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत असला भोंगा जीव वाचवतो, त्याला दहा वेळा खोटा वाजला तरी चालेल. माझ्यासाठी तो निव्वळ गोंधळ होता.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. आकडा खोटा होता आणि भूक खरी होती. कंप खरा, घाम खरा, साखर तोंडात गेल्यावर आलेली ती हुश्शही खरी. भीतीनं नुसता घाम फुटला असता तर समजू शकले असते. पण भूक? कॅम्पफील्डच्या उंदराला निदान स्क्रीन दिसत नव्हती.

या खळग्या म्हणजेच भूक, असं कॅम्पफील्डनंही मानलं नसावं, कारण पुढे तो दुसऱ्या टोकाकडेही गेला. एका वेळच्या जेवणापलीकडे भुकेचा आणखी एक संथ हिशेब असतो, महिनोन्महिन्यांचा. डग्लस कोलमननं लठ्ठ उंदरांच्या जोड्या शिवून, एकाचं रक्त दुसऱ्यात खेळवून दाखवलं होतं, की रक्तातूनच कुणीतरी "पुरे" म्हणतंय. एका जातीच्या उंदरांना तो निरोप बनवता येत नव्हता, दुसऱ्यांना ऐकू येत नव्हता. १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमनच्या गटानं त्याचं जनुक शोधलं आणि चरबीतून निघणाऱ्या त्या संप्रेरकाला लेप्टिन नाव मिळालं. पुढच्याच वर्षी ते टोचल्यावर उंदरांचं खाणं घटतं, हे दाखवणारे तीन निबंध 'सायन्स'च्या एकाच अंकात आले. त्यातल्या एकावर पहिलं नाव कॅम्पफील्डचं. मिनिटांची भूक आणि महिन्यांची भूक, दोन्हींच्या मागे लागलेला माणूस. आता तर आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधं आली आहेत. मूळ रेणू रक्तात दोनेक मिनिटांत निम्मा होतो, नक्कल आठवडाभर टिकते. ती घेणारे सांगतात, की डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली. आजोबांना ही औषधं मिळाली असती तर, असा विचार मनात येतो आणि मी तो पुढे नेत नाही.

पंधराव्या दिवशी चकती सोलून काढली. दंडावर गुलाबी वर्तुळ राहिलं, मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका. दुपारी काम करताना भूक लागली आणि हात सवयीनं फोनकडे गेला. रेघ सकाळी जिथे तुटली होती तिथेच होती. मी मुद्दाम उठले नाही. विसेक मिनिटांनी भूक मेली. साखर वर आली म्हणून मेली की मी तिच्यावर नजर ठेवून बसले म्हणून, ते सांगायला आता कुणी नव्हतं.

संध्याकाळी माळ्यावरून आजोबांची वही काढली. पानावर तीन रकाने. तारीख, रंग, आणि तिसऱ्यात पेन्सिलीचे ठिपके, कधी एक, कधी दोन, कधी तीन. लहानपणी मला ते शाईचे डाग वाटायचे. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "ठिपके : भूक." एका निळ्यासमोर तीन ठिपके आहेत. मी "पिवळा" म्हणाले होते त्या विटकरीसमोर एकच. मी पानं उलटत गेले, रंग आणि ठिपके कुठे जुळतात का बघत.